समुद्रातली रोवणी

गोपिकाला बेटावर येऊन अकरा दिवस झाले होते, आणि अकरा दिवसांत ती एकदाही धड बसली नव्हती. जेवायला बसली तरी एक पाय चपलेत. समुद्राचंच तसं होतं. तो तरी कुठं बसत होता? आत्ता गुडघ्याशी होता म्हणावं, तर जरा वेळानं पार दूर, ओल्या वाळूच्या पलीकडं. आणि गेला एकदाचा म्हणून पाठ फिरवावी, तर टाचेला येऊन बोट लावायचा. तळ्याच्या पाण्याशेजारी वाढलेल्या पोरीला हे पाणी झेपत नव्हतं. ते झोपू देत नव्हतं आणि आवडतही होतं.

ती रामटेकजवळच्या एका गावची, धानाच्या मुलखातली. नागपुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती, शेवटचं वर्ष. तिच्यासकट आठ जण नंदिनी मॅडमसोबत अंदमानातल्या या लहानशा बेटावर सागरी जीवशास्त्र शिकायला आले होते. निघायच्या आधी महिनाभर त्यांनी अंबाझरी तलावाच्या काठावर दोऱ्या ताणून, चौकटी मांडून सराव केला होता. सकाळी फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी शेवटी न राहवून विचारलंच होतं, "काय मोजून राहिले गा? इथंबी प्लॉट पडून राहिले का?"

बेटावरच्या संशोधन केंद्रात वर्षभरासाठी एक जागा होती. एकच. रोज समुद्रात उतरायचं, मोजायचं, लिहायचं. आठांपैकी कुणाचं नाव द्यायचं ते मॅडम ठरवणार होत्या. गोपिकानं हे ऐकलं त्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरत होती आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर येत होती.

त्यात बाबांचा फोन.

"गोपे, आवाज येऊन राहिला का?"

"हाव बाबा."

"मंगळवारी दहा वाजता इंटरव्ह्यू. बुटीबोरी. मामानं सायबाले सांगून ठेवलं आहे. कापडाची कंपनी आहे, रंग तपासाचं काम. लॅबमंधी. पंखा आहे, खुर्ची आहे. सावलीतलं काम."

"बाबा, इथंबी एक जागा आहे."

"तिथं कायची जागा? पाण्यात?" तिचा बाप ताराचंद हसला. त्याचं हसणं वाईट नव्हतं. अख्खा जन्म उन्हात गेलेल्या माणसाला सावली हा शब्द गोड लागायचाच. "सोमवारचं विमान आहे ना तुमचं? मंगळवारी सकाळी मी बसस्टँडवर उभा राहतो. चांगला ड्रेस घालजो."

ती हाव म्हणाली. नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणायला हातात काहीतरी लागतं.

बुधवारी ते हातात येईल असं वाटलं.

बेटाच्या पूर्वेला एक उथळ खाडी होती. होड्यांचे नांगर ओढून ओढून तिचा तळ खरवडून निघाला होता. एकेकाळी तिथं समुद्रगवताचं कुरण होतं. आता नुसती राखट वाळू. तिथं पुन्हा गवत लावून बघायचं होतं. रोपं येणार पलीकडच्या खाडीतल्या जित्या कुरणातून. होडीवाल्या काकांनी टोपल्या उतरवताना सांगितलं, "इतनाही मिलेगा। बाकी पानी सुअर का है।" पाणी सुअर म्हणजे गवत चरणारा तो मोठा संथ जीव, समुद्रातली गायच. आठांपैकी कुणालाही तो दिसला नव्हता, पण त्याचा घास मोडून आणलेला आहे, हे काकांच्या नजरेत होतं.

प्रत्येकाला एक चौकट, एका चौकटीत शंभर रोपं. मॅडमनी एक लावून दाखवलं. रोपाला बोटभर आडवी दांडी असते, ती वाळूत झोपवायची आणि बांबूची वाकवलेली आकडी वरून खोचून तिला खिळवायचं. केसांत पिन खोचावी तसं. एवढं दाखवून मॅडम बैठकीसाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या. शुक्रवारी दुपारी येणार होत्या. जाता जाता म्हणाल्या, "घाई करू नका. दोन ओहोट्या लागल्या तरी चालतील."

पण ओहोटी घाई करतेच. दुपारी पाणी उतरलं, आठ जण घोट्याएवढ्या पाण्यात वाकले, आणि तासाभरात नागपूरच्या धरमपेठेतला उन्मेष कंबर धरून उभा राहिला.

"सात. एका तासात सात लावले. या स्पीडनं माझं लग्न इथंच लावा लागते. नवरदेव पाण्यात, वऱ्हाडी होडीत."

"अबे, आकडी मोडली तुझी," कुणीतरी म्हणालं.

"माझी कंबर मोडली, आकडीचं काय घेऊन बसला!"

गोपिकानं डाव्या हातात रोपांची जुडी घेतली होती आणि तिचं अंग तिला न विचारता वाकलं होतं. सातवीपासून ती मायसोबत रोवणीला जायची. धानाचे परे, ती कोवळी रोपं, असेच डाव्या हातात, उजव्या हाताची तीन बोटं चोचीसारखी, बुडाशी अंगठा, दाब, आणि पाऊल मागं. दाब, पाऊल मागं. आकडीची वाट कोण बघतं? तिनं एक रोप उभं खोचलं. राहिलं. दुसरं राहिलं. दहा राहिली. हिरवी पात सरळ उभी, धानाच्या बांधीत असावी तशी ओळ.

"ए, हे पाह्य!" उन्मेष ओरडला. "ही त मशीन आहे बे!"

"आकडी नाही लावली तिनं," नूपुर म्हणाली. ती नागपूरच्या होस्टेलात गोपिकाची खोलीतली मैत्रीण.

"वाळूच धरते," गोपिका म्हणाली. "अंगठा बसला का धरते. मी काय आजची रोवून राहिली का?"

एवढ्या ठामपणानं ती नागपुरात कधी बोलली नव्हती. तिथं तिच्या बोलण्यावर आधी हसणं यायचं, मग उत्तर. इथं सातही जणांनी आकड्यांचं पोतं काठावर फेकलं आणि तिच्या मागं ओळ धरली. तिनं त्यांना पाय कसे ठेवायचे ते शिकवलं, जुडी कशी सोडायची ते शिकवलं, आणि सूर धरल्याशिवाय हात चालत नाही म्हणून गाणंही दिलं. बायका बांधीत म्हणतात तसलं; अर्धं आठवलेलं, अर्धं तिथंच जुळवलेलं:

*पाऊल मागं, नजर पुढं,*
*हिरवं हिरवं लावत जाय,*
*धुऱ्यावरती पोचलं मन,*
*चिखलात अजून पाय वं बाई, चिखलात अजून पाय.*

आठ जण वाकून मागं मागं सरकत होते आणि समुद्रावर धानाचं गाणं चाललं होतं. काठावर बसलेले होडीवाले काका विडी विझवून बघत राहिले.

एक नूपुरचंच जमत नव्हतं.

"नूपुर, झोपवून काहून राहिली वं त्याले? उभं कर."

"उभं राहतच नाही ना यार!"

"अंगठा दे. बुडाशी अंगठा दे."

"अंगठाच देऊन राहिली मी मघापासून. आमच्या आईनं मला कुंडीतली तुळससुद्धा लावू दिली नाही कधी." शेवटी गोपिकाची पाठ वळल्यावर नूपुरनं हळूच पोत्यातल्या आकड्या आणल्या आणि आपली रोपं मॅडमनी दाखवल्यासारखी आडवी खिळवली. सगळ्यांचं झाल्यावर तिचं झालं. तिच्या चौकटीतलं गवत मार खाल्ल्यासारखं पडलेलं दिसत होतं, आणि सगळे तिला हसले.

दोन ओहोट्यांचं काम एकीत झालं. उन्मेषनं जाहीर केलं, "मॅडमले सांगा, ती जागा गोपिकालेच द्या. आम्हाले नुसतं जेवू द्या." गोपिका हसली. मंगळवार, बुटीबोरी, पंखा, खुर्ची, सगळं पहिल्यांदा जरा दूर सरकलं.

गुरुवारी वारा होता. खाडीवर पाणी चढलेलं, खाली काय चाललं आहे ते दिसत नव्हतं. बाकीचे खारफुटीत खेकडे मोजायला गेले. तीही गेली, पण दर अर्ध्या तासानं मान वळत होती. धान लावला की बांधीत बघता येतं. पाणी बांधाच्या आत असतं, शहाण्या ढोरासारखं. इथं लावलं ते पांघरुणाखाली गेलं, आणि पांघरूण सारखं हलत होतं.

शुक्रवारी उजाडता उजाडता ती उठली. खाडीत एकटं जायचं नाही असा नियम होता. मगरीची भीती होती. तरी ती गेली. चपला हातात, फटफटलेल्या उजेडात, पाणी अजून उतरलेलं.

काठालगत वाळूवर एक हिरवी रेघ होती. लांबच लांब, जणू कुणी वैरण कापून रांगेत टाकली होती. ती वाकली. एक दांडी उचलली. दुसरी उचलली. मग उचलायची गरज राहिली नाही.

तिच्या चौकटीत चार खुंट होते, दोरी होती, आणि सात रोपं. तिनं तीनदा मोजली. उन्मेषच्या चौकटीत एक शंख फिरत होता. बाकीच्यांत पाच, नऊ, तीन, काही नाही.

नूपुरच्या चौकटीत हिरवं होतं. आडवं पडलेलं, पण होतं. पाण्याची बारीक लाट वरून गेली की पाती तिच्यासोबत झुकायची आणि पुन्हा जागेवर यायची. दांडी हलत नव्हती.

गोपिका तिथंच गुडघ्यावर बसली. काठावरची एक दांडी तिनं उजेडात धरली. गाठ, गाठीला मूळ, पुढं पुन्हा गाठ, जमिनीतून आडवी धावत सुटलेली. हे तिनं पाहिलं होतं. आयुष्यभर पाहिलं होतं. ही हराळी! शेताच्या धुऱ्यावरची हराळी, जी माय दर वर्षी शिव्या देत उपटायची आणि जी दर वर्षी जमिनीखालून चालत परत यायची. ती कधी उभी राहत नाही. ती झोपूनच जमीन धरते. आणि आपण तिला धान समजून उभं केलं, ओढत्या पाण्यात. आपण एकटीनं नाही. सात जणांकडून करून घेतलं, गाणं म्हणत.

पाणी वळलं होतं. घोट्याला लागलं.

पोतं काठावरच होतं. रेघेतली पुष्कळ रोपं अजून ओली होती, ताजी. तिनं हातात मावतील तेवढी उचलली, आकड्या तोंडात धरल्या आणि लावायला लागली. आडवं, आकडी, दाब, वरून वाळू. सगळ्यांचं लावते, असं ती मनात म्हणत होती. सगळ्यांचं लावते. पण सुरुवात तिनं आपल्या चौकटीपासून केली. चौतीस लावली, तोवर पाणी गुडघ्याला आलं आणि समोरचा तळ दिसेनासा झाला. ती बाहेर आली तेव्हा दातांनी चावून चावून शेवटच्या आकडीचा चोथा झाला होता.

नाश्त्याला ती काही बोलली नाही. बोलायचं ठरवलं होतं; पोहे घ्यायच्या आधी बोलू, पोह्यांनंतर बोलू. दुपारी मॅडम आल्या. संध्याकाळी ओहोटी लागली आणि सगळे वही घेऊन खाडीत उतरले.

"शून्य," उन्मेष म्हणाला. "मॅडम, एक शंख आहे. तो धरू का?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या एकेका चौकटीपाशी जात होत्या आणि आकडे लिहीत होत्या. पाच. नऊ. तीन. नूपुरच्या चौकटीपाशी थांबल्या. त्रेसष्ट. मग गोपिकाच्या.

"एक्केचाळीस," नूपुरनं मोजून सांगितलं.

"आकड्या कुणी कुणी लावल्या?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. उन्मेषनंच सांगितलं, "नूपुरनं लावल्या मॅडम. आम्ही नाही. गोपिकाची पद्धत होती, रोवणीची. आमच्यानं झाली नाही, पण तिची पाहा ना. हाताचा गुण असतो एखाद्याच्या."

मॅडम वाकून एक्केचाळीस रोपांकडं बघत राहिल्या. आकड्या वाळूखाली गेल्या होत्या, दिसत नव्हत्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सराव असलेल्या हाताला बिनआकडीचंही जमतंय. चाळीस टक्के काही कमी नाही. आणि किती लवकर होतं!" त्यांचा आवाज हळूहळू उजळत होता. "काका रविवारी आणखी चारशे रोपं आणणार आहेत. या वर्षीची शेवटची. मोठ्या खाडीत मी आकड्या वगळून बघते. गोपिका, तू उद्या केंद्रातल्या लोकांना तुझी पद्धत नीट शिकव. तुझ्याबद्दल मी आज केंद्रप्रमुखांशी बोलणारच होते."

हेच ऐकायला ती इतके दिवस उभी होती. आणि आता ऐकताना तिला चारशे रोपं दिसत होती, वाळूवर रेघेत, वैरणीसारखी.

"मॅडम, सात."

"काय सात?"

"माझे सातच राहिले. बाकीचे चौतीस मी आज पहाटे लावले. वाहून आलेले. आकड्या लावून." तिनं वाकून एका रोपाजवळची वाळू बोटानं सारली. बांबूची आकडी वर आली, तिच्यावर दातांच्या खुणा होत्या. "उभं केलं का धरत नाही मॅडम. हे धान नाही. हे हराळीसारखं आहे, आडवं चालते. नूपुरचंच बरोबर होतं."

मॅडमनी वहीतला एक्केचाळीस खोडला. पेन जोरात दाबलं गेलं, कागद फाटला.

"एकटी आली होतीस? पहाटे?"

"हाव."

"मगरीच्या खाडीत, एकटी." मॅडमनी वही मिटली. "आधी हे. सात आणि एक्केचाळीस नंतर. तुझ्या आईला मी काय सांगितलं असतं?"

त्या तरातरा काठाकडं चालू लागल्या. मग पाण्यात मध्येच थांबल्या, वळल्या. "आडवं चालतं म्हणालीस. गाठीला मूळ बघितलंस?"

"बघितलं. प्रत्येक गाठीला नाही. एकाआड एक."

"हं," म्हणाल्या, आणि पुन्हा चालू लागल्या.

रात्रीच्या जेवणाला नूपुर तिच्याशेजारी येऊन बसली. भात कालवता कालवता म्हणाली, "आता सांग. कोणाच्या बुडाशी अंगठा देऊ?" आणि दोघी इतक्या हसल्या की गोपिकाला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबेना.

मॅडमनी शनिवारी सगळ्यांसमोर सांगितलं. जागेसाठी त्या आत्ता कुणाचंच नाव देणार नव्हत्या. चारशे रोपं आकड्यांनी लावायची, आणि पौर्णिमेच्या ओहोटीपर्यंत रोज मोजायची. त्या स्वतः थांबत होत्या. सोबत एक जण हवा होता. बाकीचे रविवारच्या बोटीनं परत जातील.

"मी थांबते," गोपिका म्हणाली.

"तुझं मंगळवारी काहीतरी होतं ना?"

"हाव."

"थांबलीस म्हणून जागा मिळेल असं नाही. कदाचित नाहीच मिळणार. जे झालं ते मला अहवालात लिहावं लागेल, तुझ्या नावानिशी."

"लिहा मॅडम."

फोनला रेंज धक्क्यावरच मिळायची. तिथं जाऊन तिनं बाबांना सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबली नाही. थांबली असती तर उरलेलं बोलली नसती.

मग ताराचंद म्हणाला, "म्हणजे तू तिथं रोवणी करून राहिली."

"तशीच, बाबा."

"उन्हात. पाण्यात वाकून." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रोवणीतून बाहेर काढाले शिकवलं गोपे तुले. अन् तू समुद्र ओलांडून रोवणीले गेली?"

खरं होतं ते. पण पुरतं खरं नव्हतं, आणि उरलेलं कसं सांगायचं ते तिला येत नव्हतं. फोनवर खडखड झाली. मायनं हिसकावून घेतला होता.

"काय वं, एवढी शिकली अन् ओढीच्या पाण्यात परे उभे केले? धारेच्या तोंडाशी धरते का कधी परा? लहानपणी हजारदा सांगितलं तुले."

"चुकलं माय."

"आता कशी लावून राहिली?"

"आडवी. वरून आकडी."

"मंग लाव आता नीट. अन् त्या मगरीचं काय म्हणत होती तू तुह्या बापाले?"

"काई नाई."

मागून बाबांचा आवाज आला, "मामाले मी काय सांगू, इचार तिले." गोपिकानं तो ऐकला. "सांगा, काम अर्धं राहिलं आहे," ती म्हणाली. पण फोन तोवर बंद झाला होता. मायनं केला की बाबांनी, कळलं नाही. तिनं पुन्हा लावला नाही. लागला असता तर काय, या भीतीनं.

रविवारी बोट गेली. उन्मेषनं तिच्या हातात आपली चांगली टोपी कोंबली, म्हणाला, "परत पाठवजो बे, आईनं घेऊन दिली आहे." नूपुर तिला चिकटली आणि धावत फळीवरून चढली.

सोमवारी दीडशे रोपं लागली. हळू काम होतं, कंटाळवाणं, गाणं न चालणारं; प्रत्येक रोपापाशी थांबायला लागायचं, आणि थांबणं हेच तर तिला येत नव्हतं. हात पुढं धावायचे. ती त्यांना मागं ओढायची.

मंगळवारची ओहोटी आळशी होती. पाणी गुडघ्याखाली उतरलंच नाही, आणि साडेनवालाच परत फिरलं. ती आणि मॅडम त्या दिवसाच्या शेवटच्या चौकटीत वाकलेल्या होत्या. मॅडमच्या मनगटावरचं घड्याळ पाण्याखालून तिला वाकडं दिसत होतं. दहाला पाच. दहा.

बुटीबोरीला आत्ता कुणीतरी कागदावरचं नाव वाचत असेल. गोपिका, मग आडनाव. बाकांवरची पोरं इकडंतिकडं बघतील. एकदा पुन्हा वाचतील. मग त्याखालचं नाव वाचतील, आणि ते नाव असलेली कुणीतरी ओढणी सारखी करून आत जाईल, सावलीत. बाबा आज बसस्टँडवर नसतील. कदाचित असतीलही, दुसऱ्या कामानं आलो म्हणतील.

"गोपिका, पुरे. बाहेर ये," मॅडम म्हणाल्या. "मांडीला लागलं पाणी."

"तीन राहिले मॅडम."

"उद्या."

"तीनच."

मॅडमनी तिच्या डोक्यावरून उन्मेषची टोपी काढून घेतली. वही तिच्यात घालून ती आपल्या डोक्यावर ठेवली आणि मगरीकडं लक्ष ठेवायला खाडीच्या तोंडाकडं वळून उभ्या राहिल्या. गोपिकानं श्वास धरून तोंड पाण्यात घातलं. एक. वर आली, डोळे चरचरत होते. दोन. तिसऱ्याला आकडी निसटली, पुन्हा सापडली, वाकडी बसली, तिनं ती उपसून पुन्हा नीट खोचली.

काठावर आल्यावर मॅडम दगडावर बसल्या. ती बसली नाही. पाणी चौकटींवरून चढत होतं, खुंट बुडाले, दोऱ्या बुडाल्या, मग तिथं काही लावलंय हे सांगायलाही काही उरलं नाही. खाली काय धरलं आणि काय सुटलं, ते उद्याच्या ओहोटीशिवाय कळणार नव्हतं. ती ओल्या कपड्यांनी वाळूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली, काठावर हिरवं काही येऊन लागतं का ते बघत.